विष्णुभट गोडसे : झाशीचा वेढा आतून पाहणारा प्रवासी

ग्वाल्हेरच्या फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिली आहे. राणीसाहेबांच्या ज्या गोष्टी आपल्या घरांतून सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच एकाच माणसाच्या लेखणीतून आलेल्या आहेत. मंगळवारी-शुक्रवारी महालक्ष्मीच्या दर्शनाला कधी पालखीतून, कधी घोड्यावरून जाणाऱ्या बाईसाहेब त्याने पाहिल्या. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यांची गर्दी पाहून त्यांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटायला लावणाऱ्या बाईसाहेबांची हकीकत त्यानेच लिहून ठेवली. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी ओंजळीने पाणी पिणाऱ्या बाईसाहेबही त्याच्याच. त्या माणसाचे नाव विष्णुभट गोडसे आणि त्याच्या पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’. नाव बहुतेकांना ठाऊक असते, पुस्तक मात्र शाळेतल्या एखाद्या उताऱ्यापलीकडे फार थोड्यांनी वाचलेले असते. म्हणून या चरित्रात त्यांच्या आयुष्याबरोबर त्यांच्या लिहिण्याच्या तऱ्हेविषयीही थोडे सांगायचे आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापलेले हे प्रवासवर्णन आजही रात्री हातात घेतले तर खाली ठेववत नाही, आणि त्याचे कारण केवळ १८५७ चे बंड एवढेच नाही.

विष्णुभटांचा जन्म १८२७ सालचा. गाव वरसई, कोकणात पेणजवळचे. घरी भिक्षुकी, माणसे बरीच आणि डोक्यावर कर्ज. वडील बाळकृष्णपंत. पेशवाई जाऊन काही वर्षे लोटली होती, आणि विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देणारे दरबार महाराष्ट्रात फारसे उरले नव्हते. ते दरबार आता उत्तरेत होते. आमच्या ग्वाल्हेरला शिंद्यांचा, इंदूरला होळकरांचा, धारला पवारांचा. अशात वरसईला बातमी पोहोचली की दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि त्यासाठी लाखो रुपये खर्च व्हायचे आहेत. तिशीतल्या विष्णुभटांनी हिशेब केला. यज्ञाची दक्षिणा मिळाली तर कर्ज फिटेल, शिवाय गंगास्नान घडेल.

घरच्यांनी सहज परवानगी दिली असे नाही. परमुलखात गेलेला तरुण भांगेच्या नादी लागेल, तिकडच्या बायांच्या मोहात पडेल, परत येणारच नाही, अशी धास्ती त्या काळी प्रत्येक घराला असे. विष्णुभटांनी हे सारे मोकळेपणाने नोंदवले आहे, आणि ते वाचताना हसू येते. रामभट काका सोबत येणार म्हटल्यावर घरच्यांचा विरोध सैल झाला. १८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काका-पुतणे वरसईहून निघाले. पायी.

या सुरुवातीच्या पानांत तलवार नाही, तोफ नाही. निरोप आहे, वाटखर्च आहे, मुक्कामाला जागा मिळेल का ही काळजी आहे. घाईने वाचणारा ही पाने उलटून झाशीकडे धावतो. तसे करू नये. विष्णुभट आपल्याला इथेच बांधून घेतात. कर्ज किती टोचते आहे, आईवडिलांना काय वचन दिले आहे आणि हा माणूस रिकाम्या हाताने परतला तर घरात काय होईल, हे आपल्याला आधीच कळून चुकलेले असते. पुढे कुठल्यातरी वाटेवर कोणी त्यांच्या कमरेला हात घालतो तेव्हा आपल्याही पोटात गोळा येतो, तो या आधीच्या पानांमुळे.

पुण्याहून उत्तरेची वाट धरून, सातपुडा ओलांडून ते महूच्या मुलखात आले. तिथे वाटेत कंपनीच्या पलटणीतल्या शिपायांची गाठ पडली. नव्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावली आहे, ती दातांनी तोडावी लागतात, शिपाई बिथरले आहेत आणि लवकरच सगळीकडे दंगा उठणार आहे, असे त्या शिपायांनी सांगितले. या ब्राह्मणांनी पुढे जाण्यात धोका होता. परत फिरावे तर कर्ज तसेच. दोघे पुढे गेले.

इथे विष्णुभट एक मोठी मजेदार गोष्ट करतात. बंड का झाले याचे लोकांत जे कारण बोलले जात होते ते ते जसेच्या तसे सांगतात. कलकत्त्याला सगळ्या राजेरजवाड्यांना बोलावून इंग्रजांनी धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे त्यांच्यापुढे ठेवली, अशी ती कथा. असे काही घडल्याला पुरावा नाही, इतिहासकार ती बाजूला ठेवतात. पण त्या उन्हाळ्यात धर्मशाळांत, घाटांवर, बाजारांत माणसे हेच बोलत होती. जो प्रवासी ही कथा ऐकत ऐकत पुढे चालला आहे त्याला पुढचे गाव दिसण्याआधी त्या गावाची अफवा भेटते. दिल्ली, मीरत, कानपूर ही नावे त्याला बातम्यांच्या तुकड्यांतून कळतात, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जवळच्या ठिकाणाहून आलेला असतो. घटनेचे वर्णन करण्याआधी घटनेची कुणकुण ऐकवत राहणे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. कीर्तन-पुराण ऐकत वाढलेल्या माणसाच्या ते अंगातच असते.

उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी त्यांची वाट होती. ज्या बायजाबाईंच्या यज्ञासाठी घर सोडले त्या बायजाबाई तेव्हा वयाने थकल्या होत्या, पण त्यांचा दरारा कमी झालेला नव्हता. कागलच्या घाटग्यांची ही मुलगी दौलतरावांच्या मागे १८२७ पासून १८३३ पर्यंत राज्य चालवून बसली होती. मथुरेची दक्षिणा घेऊन कर्ज फेडायचे हा मूळ बेत मात्र बंडाच्या धामधुमीत कोलमडला. ग्वाल्हेरविषयीची त्यांची पाने आपल्या मंडळातल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावीत. आपले पूर्वज ज्या लष्कर भागात राहत होते तो लष्कर तिथे भेटतो, आणि दूर कोकणातल्या एका गरीब भिक्षुकाच्या डोळ्यांना तो केवढा वैभवाचा वाटला हे कळते.

ग्वाल्हेरहून झाशी. पुस्तकाचा प्राण इथे आहे.

झाशीत विष्णुभट काही महिने राहिले. कोकणातून आणि देशावरून आलेली ब्राह्मण कुटुंबे तिथे नेवाळकरांच्या आश्रयाने स्थिरावली होती, त्यांच्यात ते सामावून गेले. शहर त्यांनी सावकाश पाहिले आणि वाचकालाही सावकाश दाखवले. महालक्ष्मीचे देऊळ, तळे, हलवाईपुरा, सराफांच्या पेढ्या, वाड्यांची बांधणी, राजवाड्यातली दालने. दिवंगत गंगाधररावांचा नाटकाचा शौक आणि त्यांचे स्त्रीवेष घेणे यांबद्दल शहरात काय बोलले जाई, तेही त्यांनी सोडले नाही. बाईसाहेबांची दिनचर्या येते: पहाटेचा व्यायाम, घोड्याची परीक्षा, स्नान, पूजा, दरबार. त्यांचा पोशाख, डोक्यावर काय, कमरेला काय, हे एखाद्या शिंप्याने पाहावे इतक्या बारकाईने पाहिलेले आहे.

आणि ग्रंथालय. झाशी दरबारच्या पोथीखान्याबद्दल लिहिताना विष्णुभटांची लेखणी हळवी होते. वेद, शास्त्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक. कोठे नवा ग्रंथ असल्याचे कळले की लेखक पाठवून त्याची नक्कल करून आणायची अशी तिथली रीत होती, आणि काशीच्या पंडितांनाही एखादी पोथी हवी असली तर ती इथे सापडे. पोथ्यांची बासने रेशमी, जरतारी. ज्याच्या स्वतःच्या घरी पोथ्या हेच धन, त्याने ही खोली पाहिली तेव्हा त्याला काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. हे सगळे वर्णन म्हणजे विषयांतर आहे असे वाटण्याचा संभव आहे. पण विष्णुभटांचे प्रवासवर्णन थरारक का झाले याचे माझ्या मते खरे उत्तर याच पानांत आहे. जे उद्या जळणार आहे ते त्यांनी आज आपल्याला हातात घेऊन दाखवले आहे. ज्या शहराची ओळखच झालेली नाही ते शहर पडले तर वाचकाला बातमी मिळते. ज्या शहरात आपण काही महिने राहिलो, ज्याचा हलवाई आणि सराफ आपण पाहिला, ते पडताना श्वास अडकतो.

मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोज याची फौज झाशीपुढे आली. विष्णुभट तटाच्या आत होते. बाहेर मोर्चे बांधले जात होते, आत कडकबिजली, घनगर्ज, भवानीशंकर या तोफा बुरुजांवर सज्ज होत्या आणि गुलाम घौस खान हा नामांकित गोलंदाज त्यांच्यापाशी होता. वेढ्याचे दिवस विष्णुभटांनी एकेक करून सांगितले आहेत. दिवस मोजणे हीच त्यांची युक्ती, जर तिला युक्ती म्हणायचे असेल तर. आज पहिला दिवस, आज दुसरा. गोळे कोठे पडले, कोणाचे घर गेले, तटाला कोठे खिंडार पडले, रात्रीत ते कसे बुजवले, सकाळी पुन्हा कसे पडले. रात्री आकाशातून लाल गोळे येताना दिसतात आणि ते आपल्या वाड्यावर पडणार की पुढच्या आळीत, हे पडेपर्यंत कळत नाही. विशेषणे फार थोडी. भयंकर, अक्राळविक्राळ असले शब्द क्वचित. वाक्य छोटे होते, क्रियापदावर येऊन थांबते आणि पुढचा गोळा येतो.

मग तात्या टोपे मदतीला येत असल्याची वार्ता शहरात पसरते. लोकांना हायसे वाटते. इतिहास माहीत असलेल्या वाचकालाही त्या घटकेला वाटते की आता झाशी वाचेल. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्यांच्या फौजेचा मोड झाला, आणि ती बातमी शहरात आल्यावर जी शांतता पसरली तिचे वर्णन करायला विष्णुभटांना फार शब्द लागत नाहीत. इथे त्यांचा संयम ध्यानात घेण्याजोगा आहे. २५ वर्षांनी लिहीत असताना पुढे काय झाले ते त्यांना ठाऊक होतेच. तरी त्या दिवशी ते जिथे उभे होते तिथेच ते वाचकाला उभे करतात, आणि त्या दिवशी त्यांना जितके कळले होते तितकेच सांगतात.

३ एप्रिलला इंग्रज फौज तटावरून शहरात शिरली. पुढच्या रात्री राणीसाहेब दत्तक पुत्राला घेऊन घोड्यावरून काल्पीच्या दिशेने निसटल्या. त्याआधी किल्ल्यावरून जळते शहर पाहून त्यांनी दारूच्या कोठारात स्वतःला उडवून घ्यायचे मनात आणले आणि एका वृद्ध सरदाराने त्यांना त्यापासून परावृत्त केले, ही हकीकतही विष्णुभटांनीच दिली आहे. राणी गेली, शहर मागे राहिले. शहरात विष्णुभट आणि रामभट काका.

त्यानंतरच्या दिवसांना त्यांनी बिजन हा शब्द वापरला आहे. शब्द मूळचा फारसी, मारा असा त्याचा अर्थ, आणि मराठीत तो सरसकट कत्तलीसाठी रूढ होता. आज तो आपल्या बोलण्यातून गेला आहे. हलवाईपुऱ्याला आग लागली. माणसे घरांत, विहिरींत, गवताच्या गंजीत लपली. विष्णुभट आणि इतर मंडळी ज्या वाड्यात होती तिथल्या अंधाऱ्या, अडचणीच्या जागेत दडून बसली. लपलेल्या माणसाला दिसत नाही, ऐकू येते. बुटांचा आवाज, दार फोडल्याचा आवाज, शेजारच्या घरातला आक्रोश, मग एकदम काहीच नाही. भूक आणि तहान यांच्या बरोबरीने त्यांना आणखी एक गोष्ट छळते, ती म्हणजे स्नानसंध्या चुकल्याची. मरण दाराशी आहे आणि या माणसाला आंघोळ झाली नाही याचे वाईट वाटते! आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण यामुळेच तो प्रसंग रचलेला वाटत नाही. वीरकथेतला माणूस असा विचार करत नाही, खरा माणूस करतो.

लुटीचे वर्णन तर हिशेबाच्या वहीसारखे आहे. पहिल्यांदा आलेल्यांनी सोने, चांदी, रोकड नेली. पुढच्या पाळीला तांब्यापितळेची भांडी गेली. मग कापडचोपड, मग धान्यसुद्धा. एकाच घराच्या दारातून पुन्हा पुन्हा माणसे आत येतात आणि दर वेळी काही कमी मोलाचे घेऊन जातात. शेवटी घरात काही उरत नाही. लुटारूंच्या क्रौर्यावर दहा ओळी लिहूनही जे साधले नसते ते या यादीने साधते. विष्णुभटांनी इतक्या महिन्यांत जपून ठेवलेली दक्षिणाही याच दिवसांत गेली.

आणि तो पोथीखाना. शिपायांना हवी होती ती बासने. जरतारी कापड ओरबाडून घेतले आणि पोथ्या खिडक्यांतून खाली फेकल्या. सुटी पाने वाऱ्याने गल्ल्यांतून उडत होती. ज्यांनी आधीचे पान वाचले आहे, काशीचे पंडित जिथे ग्रंथ शोधत येत ती खोली ज्यांनी विष्णुभटांबरोबर पाहिली आहे, त्यांना या ठिकाणी पुस्तक मिटून थोडा वेळ बसावेसे वाटते. रस्त्यात पडलेल्या प्रेतांना सरण नव्हते. घरांची लाकडे काढून चौकाचौकात एकत्र अग्नी दिला गेला. तेही त्यांनी लिहिले आहे, अगदी साध्या शब्दांत.

याच वेढ्याचे वर्णन तटाच्या बाहेरून करणारेही होते. मद्रासच्या सॅपर्स पलटणीबरोबर आलेले डॉक्टर थॉमस लो यांनी १८६० मध्ये मध्य हिंदुस्थानातल्या त्या मोहिमेवर पुस्तक प्रसिद्ध केले. ऊन, धूळ, मोर्चे, तोफांची जागा यांची त्यांतली वर्णने चांगली आहेत आणि इतिहासाला उपयोगाची आहेत. मात्र त्यांच्या दुर्बिणीत झाशी हे जिंकायचे ठिकाण होते. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणीसाहेबांचे चरित्र मराठीत काढले. ते परिश्रमपूर्वक केलेले काम आहे, कागद आणि दप्तरे चाळून केलेले. विष्णुभटांकडे ना दुर्बीण होती ना दप्तर. त्यांच्याकडे होती लपायची जागा.

झाशीतून जीव वाचवून काका-पुतणे काल्पीच्या वाटेला लागले, आणि त्या मुलखात तो विहिरीचा प्रसंग घडला. पहाटेची वेळ. काही घोडेस्वार येऊन थांबले, त्यांत पठाणी पोशाखातली एक व्यक्ती, अंगावर धूळ, चेहरा थकलेला. तहान लागलेली. विष्णुभट पाणी काढू लागले तेव्हा कळले की या झाशीच्या बाईसाहेब. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असे सांगून त्यांनी स्वतः पाणी शेंदले आणि मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने प्यायल्या. मला विधवेला जगायला कितीसे लागते, पण धर्मासाठी हे अंगावर घेतले, अशा अर्थाचे त्या काही बोलल्या, आणि घोड्यावर बसून निघून गेल्या.

एवढाच प्रसंग. त्यांतले पाणी शेंदण्याचे कष्ट, मातीचे भांडे, ओंजळ, या तीन गोष्टींपलीकडे विष्णुभट काही सांगत नाहीत. पण ज्यांनी झाशीत महालक्ष्मीच्या देवळाकडे निघालेली त्यांची स्वारी पाहिली आहे, भालदार-चोपदार, पालखीबरोबर धावणाऱ्या दासी पाहिल्या आहेत, त्यांना या ओंजळीचा अर्थ सांगावा लागत नाही. मराठीतली कितीतरी नाटके आणि चित्रे या एका प्रसंगावर उभी राहिली. त्यांत बहुधा राणीच्या मागे सूर्य उगवताना दाखवतात. मूळ लेखनाची धार त्यांच्यात नाही, असे मला वाटते.

नंतर १ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणीसाहेबांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आणि दिनकरराव राजवाडे आग्र्याला गेले, बायजाबाई आणि इतर स्त्रिया नरवरकडे. त्याच महिन्यात कोटा की सराईजवळच्या लढाईत राणीसाहेब पडल्या. विष्णुभट तेव्हा ग्वाल्हेरात नव्हते. आपल्या शहरात घडलेला हा शेवट त्यांना इतरांकडूनच कळला, आणि त्यांच्या पुस्तकातही तो ऐकीव हकीकत म्हणूनच येतो. त्यांनी स्वतः पाहिलेल्या बाईसाहेब विहिरीपासून दूर जात दिसेनाशा होतात.

पुढची वाट त्यांनी यात्रेकरूसारखी काटली. ब्रह्मावर्त, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी. वाटेत पुन्हा लुटले गेले, संशयावरून अडवले गेले, उपाशी राहिले. पैसा मिळवून परतण्याची आशा संपली होती. एकच गोष्ट हातात होती. गंगेचे पाणी कावडीत भरून, ती कावड खांद्यावर घेऊन, सोवळे सांभाळत ते शेकडो कोस चालत वरसईला आले. निघून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. घरच्यांनी आशा सोडल्यातच जमा होती. आईवडिलांना त्यांनी त्या गंगाजलाने स्नान घातले. कर्ज तसेच राहिले.

त्यानंतरची दोन तपे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. गावात भिक्षुकी, संसार आणि अधूनमधून कोणी विचारले तर बंडाच्या गोष्टी. या गोष्टी त्यांनी किती वेळा, किती जणांना सांगितल्या असतील! लिखाणात जी बोलण्याची लय आहे ती या वर्षांत घोटली गेली असावी. एखाद्या प्रसंगी ऐकणारा पुढे सरसावतो, एखाद्या ठिकाणी तो डोळे पुसतो, हे सांगणाऱ्याला कळत जाते.

गोडसे ज्यांचे उपाध्याय होते त्या वैद्य घराण्यातला एक तरुण या गोष्टी ऐकून स्वस्थ बसला नाही. तो म्हणजे चिंतामण विनायक वैद्य, पुढे महाभारत-रामायणाचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झालेले, आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्यात मोठ्या पदावर राहिलेले. वैद्यांनी विष्णुभटांना सारे लिहून काढायला लावले. १८८३ च्या सुमारास, पन्नाशी ओलांडलेल्या विष्णुभटांनी हे लेखन केले. एक अट घातली: मी जिवंत असेपर्यंत छापू नये. राणीसाहेबांविषयी इतक्या जिव्हाळ्याने आणि बिजनविषयी इतक्या उघडपणे लिहिणाऱ्या गरीब ब्राह्मणाला इंग्रजी राज्यात भीती वाटणे स्वाभाविक होते. अट पाळली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत विष्णुभट वारले आणि १९०७ मध्ये वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. लेखकाने स्वतःचे छापील पुस्तक कधी पाहिले नाही.

त्यांच्या लेखनात चुका आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे उलटसुलट होतात, तिथी-तारखा जुळत नाहीत, ऐकलेले आणि पाहिलेले काही ठिकाणी एकमेकांत मिसळते. २५ वर्षांनी आठवून लिहिणाऱ्याचे असे होणारच. इतिहासाचे काम करणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. पण पोथ्यांच्या पानांसारख्या गोष्टी तारखेवाचून खऱ्या असतात.

आता आवृत्तीबद्दल, कारण हे पुस्तक कोणते घ्यावे असे मंडळात विचारले जाते. वैद्यांनी छापताना भाषा सफाईदार केली, मजकुराची मांडणी बदलली, काही भाग वगळला. काही त्या काळाच्या सभ्यतेच्या कल्पनेमुळे, काही सरकारच्या धाकाने. त्यांच्यामुळे पुस्तक वाचकांपुढे आले हे उपकार मोठे आहेत. तरी सफाई करताना विष्णुभटांच्या वाक्यांचा खडबडीतपणा गेला, आणि वर सांगितलेला ताण बराचसा त्या खडबडीतपणातच होता. मूळ हस्तलिखित वैद्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले होते. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. शक्य असेल तर तो वाचावा. पहिली काही पाने जड जातील, जुने शब्द अडवतील. पण हिंदी-उर्दू शब्दांशी सहज खेळणारे त्यांचे मराठी ग्वाल्हेर, इंदूर, झाशीकडच्या मराठी घरांत वाढलेल्या कानांना पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर ओळखीचे वाटेल. घरातल्या ज्या मुलांना मराठी वाचण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी अमृतलाल नागर यांनी केलेला हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ या नावाने आहे. नागर स्वतः कादंबरीकार, त्यामुळे तो रूक्ष नाही. गेल्या काही वर्षांत इंग्रजीतही अनुवाद झाले आहेत, त्यांतला एक मृणाल पांडे यांचा.

वरसईहून विष्णुभट निघाले तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या शब्दांतला प्रवास छापून येईपर्यंत १०९ वर्षे लागली.